वायनाडच्या रानातली केबिन : दोघांनीच जायचंय. कुठली बाजू, कुठला महिना?

मोगरी_ठाणे
नमस्कार मंडळी. येत्या फेब्रुवारीत आमच्या लग्नाला २५ वर्षं पूर्ण होतायत. लेक शिकायला बाहेरगावी आहे, सासूबाई नणंदेकडे राहायला आनंदाने तयार झाल्यात. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच दोघांनीच कुठेतरी जायचा योग जुळून येतोय. हॉल, जेवणावळ, आहेर यातलं काही नको, यावर आमचं एकमत आहे. डोंगरात, दाट झाडीत, शेजारी दुसरी खोली नाही अशी केबिन हवी. तीन-चार दिवस कुठलंही ठिकाण 'बघायला' पळायचं नाही.

केरळातल्या वायनाडवर जीव जडलाय. पण प्रश्न बरेच आहेत. वैत्तिरी, मेप्पाडी, मानंतवाडी की सुलतान बत्तेरी, नेमकी कुठली बाजू? फेब्रुवारीत रान हिरवं असतं का? झाडावरचं घर घ्यावं की जमिनीवरची केबिन? यांचा एक गुडघा कुरकुरतो. आम्ही दोघंही शाकाहारी. आणि सगळ्यात मोठा प्रश्न, २०२४च्या दरडीनंतर तिकडे मजेसाठी जाणं योग्य आहे का? मनाला थोडं खटकतंय, म्हणून विचारतेय.

पावशेर
अभिनंदन! आल्यावर सविस्तर लिहा, फोटो हवेतच.

कॉफीबी
बदलीमुळे काही वर्षं तिथे वायनाडातच, कल्पेट्ट्यात राहिले आहे, त्यामुळे जरा ऐसपैस लिहिते.

फोटोंत सगळं वायनाड सारखंच दिसतं, प्रत्यक्षात तसं नाही. समुद्रावरून आलेले ढग पश्चिमेकडचा कडा चढतात आणि लक्किडी-वैत्तिरीवर रिते होतात. म्हणून तिथलं जंगल सदाहरित, दमट, शेवाळलेलं. पूर्वेला बत्तेरी-मुत्तंगाकडे जाल तसा पाऊस कमी होतो, पानगळीचं रान लागतं. फेब्रुवारीत तिथे सागाची पानं गळालेली असतात. प्राणी दिसायला ते बरं, पण तुमच्या मनातली हिरवी केबिन तिथे नाही. फेब्रुवारीत हिरवं हवं असेल तर पश्चिम बाजूच.

तोटाही सांगते. वैत्तिरी हमरस्त्यावर आहे, रिसॉर्टांची दाटी आहे. 'एकांत' म्हणून विकतात आणि पलीकडच्या टेकडीवरून शनिवारी रात्री डीजे ऐकू येतो. त्यापेक्षा मानंतवाडीहून तिरुनेल्लीकडे जा. ब्रह्मगिरीच्या कुशीत विष्णूचं जुनं देऊळ आहे, वर डोंगर, खाली भातखाचरं आणि कॉफीचे मळे. मळ्याच्या मालकांनी आपल्याच जागेत एक-दोन केबिन बांधलेल्या असतात, मला त्या जास्त आवडतात.

महिना उत्तम निवडलात. डिसेंबर ते फेब्रुवारी कॉफीची तोडणी असते, अंगणाअंगणात लाल फळं वाळत घातलेली दिसतात. तोडणी उरकून एखादी सर आली, किंवा मळ्यात फवाऱ्याने पाण्याचे तुषार सोडले, की आठवड्याभरात सगळा मळा पांढरा होतो. फुलं जेमतेम तीन-चार दिवस टिकतात. पहाटे दार उघडल्यावर तो जाईसारखा वास आत आला की माणूस चहा प्यायचा विसरतो. तुमच्या तारखांना ते जुळेल याची हमी कोणी देणार नाही, पण मालकाला फोन करून 'तुषार कधी सोडणार' एवढं नक्की विचारा.

दांडगट_नाशिक
कॉफीबी, 'चहा विसरतो' असं कॉफीच्या मळ्यात म्हणायची हिंमत तुमचीच!

मोगरीताई, झाडावरचं घर गुडघेवाल्यांसाठी नाही. शिडी ओली, पायऱ्या उंच, त्यात रात्री एकदा तरी उठावं लागतंच. काही घरांत स्वच्छतागृह खाली असतं, ते आधी विचारून घ्या. जमिनीपासून तीन-चार फूट उचललेली, पक्क्या खांबांवरची केबिन सगळ्यात चांगली. ओल वर येत नाही, हवा खेळती राहते, आणि चढायला चारच पायऱ्या.

सावंतवाडीकर
एवढ्या लांब कशाला जाता? आंबोलीला या की. उंची ७०० मीटरच्या आसपास, पाऊस म्हणाल तर राज्यात अव्वल. हिरण्यकेशीच्या उगमावर जो मासा सापडला त्याचं नाव नदीवरूनच ठेवलंय, आणि २०२१ साली ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली. आंबोलीचा टोड जगात दुसरीकडे मिळत नाही. पावसाळ्यात रात्री इथल्या पोरांबरोबर विजेरी घेऊन निघा, फांदीवर बसलेला हिरवा उडता बेडूक, दगडाखाली विंचू, झुडपात चापडा हा विषारी साप. याहून चांगली रात्र कुठली?

मोगरी_ठाणे
सावंतवाडीकर, बेडूक मला मनापासून आवडतात, पण लग्नाच्या वाढदिवसाला चापडा नको हो. 😀

तिखटमीठ
आंबोलीबद्दल माझं मत वेगळं. गाव सुंदर आहे यात वाद नाही, पण जुलैतल्या रविवारी मुख्य धबधब्यापाशी उभं राहून बघा. गाड्यांची रांग, कणसांचा धूर, बाटल्या. जायचं तर आडवारीच, आणि जून ते सप्टेंबरातच. फेब्रुवारीत आंबोलीची खरी मजा निघून गेलेली असते, आणि ताईंची तारीख फेब्रुवारीची आहे.

सावंतवाडीकर
आडवारी या, हे मान्य. पण मजा गेलेली असते हे मान्य नाही. हिवाळ्यात महादेवगडावरून कोकण जसं उलगडतं तसं पावसात धुक्यामुळे दिसतच नाही.

खडकमाती
मी भूगर्भशास्त्र शिकवते. ताईंच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर अजून कोणी दिलं नाही, म्हणून लिहिते.

३० जुलै २०२४च्या पहाटे मेप्पाडीच्या वरच्या डोंगरात दरड सुटली आणि मुंडक्कै, चूरलमला ही गावं वाहून गेली. दोनशेहून जास्त माणसं गेली. काही मृतदेह पार खाली नीलांबूरजवळ चालियार नदीत सापडले. त्याच मेप्पाडीजवळ पुत्तुमलाला ऑगस्ट २०१९मध्ये दरड कोसळली होती. आणि आपलं माळीण? तेही ३० जुलैलाच, २०१४ साली. तारीख एक हा योगायोग, पण जुलैअखेर हा योगायोग नाही. तोवर डोंगर पाणी पिऊन तुडुंब झालेला असतो. कातळावर कुजलेल्या खडकाची आणि मातीची जाड साय असते, तिच्यात पाणी मुरत जातं, मातीची पकड सुटते आणि सगळा लगदा जवळच्या ओढ्यात उतरतो. पुढे तो ओढ्याच्याच वाटेने धावतो. मुंडक्कैचा लोंढा असा सुमारे ८ किलोमीटर गेला.

यातून पर्यटकाने काय घ्यायचं? फेब्रुवारीत हा धोका जवळजवळ नसतो, तेव्हा निर्धास्त जा. पण जागा निवडताना डोळे उघडे ठेवा. ओढ्याच्या अगदी काठावर, 'खोलीतून धबधबा दिसतो' अशी केबिन पावसाळ्यात कोणीही घेऊ नये. मागे डोंगर उभा कापून सपाटी केली असेल, कापलेल्या भिंतीतून पाणी झिरपत असेल, झाडं खालच्या अंगाला कललेली असतील, जमिनीला किंवा पायऱ्यांना ताज्या भेगा असतील, तर तिथे पाऊस असताना राहू नका. उताराला हात न लावता खांबांवर उभी केलेली केबिन चांगली, हे दांडगट यांनी ओलीसाठी सांगितलं. माझ्या लेखी उतारासाठीही तेच खरं.

उंबरठा
खडकमाती, धन्यवाद. पण मग सरळच विचारतो. अशा डोंगरात केबिनी बांधायच्याच कशाला? माधव गाडगीळ समितीने २०११च्या अहवालात पश्चिम घाटाचा मोठा भाग संवेदनशील म्हणून सांगितला होता. आपण 'जंगलातला एकांत' मागतो म्हणून कोणीतरी जंगल कापतो. मागणी आपली, पाप त्यांच्या माथी.

कॉफीबी
उंबरठा, तुमची चीड समजते, पण 'जाऊच नका' हे उत्तर मला पटत नाही. दरडीनंतर अख्खा जिल्हा बुडाला अशा बातम्या पसरल्या. खरं तर फटका मेप्पाडीच्या एका भागाला बसला होता, पण तिरुनेल्लीपासून बत्तेरीपर्यंत सगळ्यांचं बुकिंग रद्द झालं. माझ्या ओळखीच्या एक बाई दोन खोल्या भाड्याने देतात, त्यांच्याकडे ओणमला चूल पेटली ती फक्त घरच्यांपुरती. मिरीला रोग लागला, कॉफीचा भाव पडला, तर ह्या दोन खोल्याच घर चालवतात. डोंगर कापून तरणतलाव बांधणारा आणि मळ्यातल्या जुन्या घराच्या पडवीला खोली जोडणारी बाई, या दोघांना एका मापाने मोजू नका. पैसे कोणाच्या हातात द्यायचे हे आपण ठरवू शकतो.

उंबरठा
हे पटलं. मग ताईंना माझी एकच विनंती, खोलीपुढे खाजगी तलाव असलेली जागा घेऊ नका. फेब्रुवारी-मार्चमध्ये तिथल्या विहिरी खाली जातात. कोणाच्या तरी प्यायच्या पाण्यात आपण डुंबायचं, हे मनाला बरं वाटणार नाही.

कर्णा_शोधक
उंबरठांच्या यादीत मी काचघरही घालतो. चारी बाजूंनी काच, रात्रभर दिवे, आणि वर जाहिरात 'रानात झोपा'. काचेत झाडं दिसतात म्हणून पाखरं येऊन आदळतात. त्या उजेडात रानही दिसत नाही, दिसतो तो आपलाच चेहरा. साधी लाकडी पडवी घ्या, तिच्यावर दोन खुर्च्या. पहाटे साडेपाचला उठून तिथे बसा, घोंगडी घेऊन, काही न बोलता. आधी शीळकरी कस्तूर पक्षी सुरू होईल. माणूस सूर शोधत शीळ घालतोय असंच वाटतं, कुठल्याच ओळीवर स्थिरावत नाही. मग शेकरू ओरडेल. उजाडल्यावर पंखांचा जोरात घरघराट ऐकू आला तर वर बघा, धनेश पक्ष्यांची जोडी जात असेल. फेब्रुवारी हा त्यांचा विणीचा हंगाम. मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला लिंपून घेते, चोच जाईल एवढीच फट ठेवते आणि नर काही महिने तिला फळं आणून भरवतो. पंचविसाव्या वाढदिवसाला याहून योग्य शेजारी कोण मिळणार? फक्त ढोलीच्या जवळ जाऊ नका. त्रास झाला तर नर यायचा थांबतो आणि आत मादी-पिल्लं उपाशी राहतात.

पावशेर
आमच्या घरी हे वाचून दाखवलं. 'बघा, शिका काहीतरी', एवढीच प्रतिक्रिया आली.

दांडगट_नाशिक
पावशेर, फळं आणलीत का मग?

पावशेर
आणली. सीताफळं. आता शांतता आहे.

म्हैसूरची_माई
प्रवासाचं सांगते. ठाण्याहून नेत्रावती एक्सप्रेस थेट कोळिकोडला जाते, तिथून वैत्तिरी साठ-पासष्ट किलोमीटर. वाटेत तामरश्शेरी घाटाची नऊ वळणं. घाट देखणा आहे, पण सुट्टीच्या दिवशी एखादा ट्रक वळणावर अडकला की तासन्‌तास हलता येत नाही. सकाळी लवकर चढा. तिरुनेल्ली ठरवलंत तर कन्नूरचा विमानतळही सोयीचा.

म्हैसूरकडून येणाऱ्यांनी लक्षात ठेवा, बंदीपूर अभयारण्यातून जाणारा गुंडलुपेट-बत्तेरी रस्ता रात्री ९ ते सकाळी ६ खाजगी गाड्यांना बंद असतो. बावलीचा रस्ता तर संध्याकाळी ६लाच बंद होतो. फाटकाशी अडकलेली कुटुंबं मी पाहिली आहेत, तिथे धड जेवणही मिळत नाही. आणि वायनाडवरून पुढे उटीला जायचं मनात आलं तर निलगिरी जिल्ह्यासाठी ई-पास काढावा लागतो. मे २०२४पासून ते सुरू झालं.

रानभूल
घाटाचा विषय निघालाच आहे तर वर लक्किडीला थांबा. रस्त्याकडेला साखळीने बांधलेलं एक झाड आहे. लोक सांगतात की करिंतंडन नावाच्या पणिया जमातीच्या तरुणाने एका इंग्रज इंजिनिअरला घाटाची वाट दाखवली, आणि शोधाचं श्रेय वाटून घ्यायला नको म्हणून त्या इंजिनिअरने त्याला मारलं. पुढे वाटेवर अपघात होऊ लागले, तेव्हा त्याचा आत्मा साखळीने झाडाला बांधला, अशी कथा. ज्यांच्या वाटेने आपण वर जातो त्यांचं नाव रस्त्याच्या पाटीवर क्वचितच असतं. पणिया, कुरिच्या, काट्टुनायक्कन ही माणसं या रानाची. शक्य असेल तर मध, मिरी त्यांच्या सहकारी दुकानातून घ्या.

नाडीपरीक्षा
डॉक्टर म्हणून दोन गोष्टी. एक, रात्री केबिनबाहेर पाऊल टाकायचं तर बूट आणि विजेरी हवीच. तिकडच्या कॉफी मळ्यांत पाचोळ्याखाली नाकाड्या चापडा असतो. आपल्याकडचं सर्पदंशावरचं औषध नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांसाठी बनवलेलं आहे, त्याच्यावर ते चालत नाही. म्हणून चावण्यापूर्वीची काळजी महत्त्वाची. दोन, बुक करताना विचारा की रात्री गरज पडली तर गाडी कोण देणार आणि जवळचं मोठं रुग्णालय किती अंतरावर. मालकाने पटकन, न अडखळता उत्तर दिलं तर माणूस जबाबदार आहे असं समजा.

म्हैसूरची_माई
हत्तींचंही सांगा कोणी. जानेवारी २०२१मध्ये मेप्पाडीजवळ तंबूत उतरलेल्या एका पर्यटक महिलेचा हत्तीच्या हल्ल्यात मृत्यू झाला होता. तंबूचा मोह टाळा. पक्क्या भिंतीची केबिन, अंधार पडल्यावर पायी फेरफटका नाही, आणि मालक 'आज खाली उतरू नका' म्हणाला तर मुकाट ऐकायचं.

तिखटमीठ
इतकी भीती घालू नका हो, ताई घरातच बसतील! खायचं बोलू. शाकाहाऱ्यांची तिथे चंगळ आहे. आप्पम आणि भाज्यांचा इष्टू. तो नारळाच्या दुधातला पांढरा रस्सा आप्पमच्या जाळीदार कडेने टिपायचा, मधल्या मऊ भागाने नाही. पुट्टू-कडला (तांदळाच्या पिठाचा वाफवलेला पुट्टू आणि हरभऱ्याची उसळ), वाफवलेला कप्पा म्हणजे टॅपिओकाचा कंद, संध्याकाळी केळ्याची भजी आणि सुंठ-मिरीची चुक्कू कापी. गंधकशाला तांदळाचा भात मुद्दाम मागून घ्या, भौगोलिक मानांकन मिळालेला तिथला सुवासिक तांदूळ आहे. आपल्या आंबेमोहोराच्या माणसाला तो लगेच आपला वाटतो. एकच अट, सकाळी सांगितलं तर रात्री मिळतं. रानातल्या स्वयंपाकघरात ऐनवेळी काही होत नाही.

जुनेपुराणे
सगळे जागेचं बोलताहेत, मी जाणाऱ्या दोघांचं बोलतो. आम्ही दोघं साठी उलटल्यावर अशाच एका केबिनीत राहून आलो. नेटवर्क नव्हतं. पहिल्या दिवशी दोघांनाही हाताला काहीतरी हरवल्यासारखं झालं. जेवण झालं, आता काय? मुलांचे विषय संपले, घराच्या डागडुजीचे संपले. दुसऱ्या दिवशी हिने एकदम विचारलं, 'तुम्ही तेव्हा ती दुसरी नोकरी का नाही घेतलीत?' तीस वर्षं विचारलं नव्हतं. मी उत्तर दिलं. मग मीही एक विचारलं. रात्री जेवण गार होईपर्यंत आम्ही बोलत होतो. घरी हे कधीच झालं नसतं, कारण घरी कुकर असतो, दारावरची घंटा असते.

म्हणून ताई, तीन-चार दिवस म्हणता त्यात एकही दिवस कमी करू नका, आणि एका रात्रीसाठी तर मुळीच जाऊ नका. मनाला सैल व्हायला एक दिवस लागतोच. पलंगावर गुलाबाच्या पाकळ्या, केक, मेणबत्त्या असलं 'पॅकेज' गळ्यात मारतील, ते नको म्हणून सांगा. ते लावायला आणि काढायला माणसं खोलीत येत-जात राहतात.

मोगरी_ठाणे
जुनेपुराणे, तुमचं वाचून यांना वाचायला दिलं. बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, 'तीन नको, पाच दिवस बघ.'

सगळ्यांचे मनापासून आभार. तिरुनेल्लीच्या बाजूला एका मळ्यात केबिन मिळाली आहे. मालकीणबाईंशी फोनवर बोलले, मोडक्या हिंदीत त्या आणि मोडक्या इंग्रजीत मी. केबिन खांबांवर आहे, ओढा बराच खाली आहे, तलाव नाही. नाडीपरीक्षांचा प्रश्न विचारला तर म्हणाल्या, 'माझा मुलगा जीप घेऊन इथेच झोपतो, मानंतवाडीच्या रुग्णालयात नेईल.' एका दमात. तुषार फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सोडायचा विचार आहे, पाऊस आधी आला तर नाही. म्हणून आम्ही तारीख वाढदिवसापासून आठवडाभर पुढे ढकलली. दरडीचा प्रश्न खडकमाती आणि कॉफीबी यांच्यामुळे मनातून सुटला.

चेंब्राच्या वाटेवर बदामाच्या आकाराचं तळं आहे म्हणतात, ते करावं का?

कॉफीबी
तारीख हलवलीत, फार छान केलंत! चेंब्रा मात्र सोडा. २१०० मीटरचं शिखर आहे, तळ्यापर्यंतची चढणही गुडघ्याला जड. शिवाय वनखात्याची परवानगी लागते आणि कोरड्या दिवसांत वणव्याच्या भीतीने वाट बरेचदा बंद असते. तिरुनेल्लीहून ते लांबही पडेल. देवळामागे पापनाशिनीचा झरा आहे, दगडी पायऱ्यांनी सावकाश जाता येतं, तेवढं करा.

मोगरी_ठाणे
बरं, चेंब्रा रद्द. शेवटचं विचारते, फेब्रुवारीत जळवा असतात का? मीठ, तंबाखू काय न्यायचं?

रानभूल
कोरड्यात फारशा नसतात, पण झऱ्याकाठी सावलीत एखादी लागू शकते. गुडघ्यापर्यंतचे जाड मोजे, पँट मोज्यात खोचायची, आणि एका फडक्यात मिठाची पुरचुंडी. चिकटलीच तर ओढू नका, नखाने कडेने सरकवा, सुटते. रक्त थोडा वेळ येतं, घाबरू नका.

सावंतवाडीकर
आणि परतीला कोकण रेल्वेनेच येणार ना? सावंतवाडीला उतरा. आडवार असेल, महादेवगड मी दाखवतो.